न्हाणीची फरशी कोणासाठी?

सुगी बरी झाली, मुलाची आखातातून किंवा गोव्यातून चार पैशांची मदत आली, की आपल्याकडे घराच्या कामाला हात लागतो. जुन्या कौलारू घराच्या जागी स्लॅबचे घर उभे राहते. फादर येऊन घराला आशीर्वाद देतात, पवित्र पाणी प्रत्येक खोलीत शिंपडले जाते, आणि पाहुणेमंडळी बाहेरच्या खोलीतली आरशासारखी फरशी पाहून मालकाचे कौतुक करतात. यात वावगे काहीच नाही. कष्टाच्या पैशाने बांधलेल्या घराचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु घरात सगळ्यांत कमी विचार ज्या जागेचा होतो, ती जागा म्हणजे न्हाणी. दुकानात उरलेली, स्वस्तात मिळालेली किंवा बाहेरच्या खोलीला शोभेल अशी चकचकीत फरशी तिथे बसवली जाते. माझे स्पष्ट मत असे आहे की घरातल्या इतर सर्व खोल्यांची फरशी आवडीने निवडावी, परंतु न्हाणीची फरशी मात्र घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या पायाला विचारून निवडावी.

यामागचे कारण साधे आहे. पूर्वी आपल्या खानापूर, बेळगावकडच्या खेड्यांतली न्हाणी म्हणजे परसात किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घातलेले एकदोन खरबरीत दगड. शेजारी पाणी तापवायची चूल, आणि सांडपाणी बाहेर केळीच्या अळ्यात. ती न्हाणी दिसायला काळी होती, धुराने भरलेली होती, आडोशाची नीट सोयही तिथे नव्हती. तिचे गुणगान गाण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्या दगडावर पाय सहसा घसरत नसे. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. त्यानंतर गावोगाव संडास झाले, अनेक घरांत संडास व न्हाणी एकाच भिंतीआड आली, ही फार चांगली गोष्ट घडली. त्याबरोबर दगड गेला आणि त्याच्या जागी गुळगुळीत टाइल आली. सोय वाढली, पण पायाखालचा आधार कमी झाला.

पाय घसरतो कसा, हे आधी समजून घेऊ. ओल्या फरशीवर पाय ठेवला की तळपाय आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो. फरशी खरबरीत असेल तर हे पाणी तिच्या खाचांत शिरते आणि फरशीचे उंचवटे तळपायाला थेट लागतात. फरशी काचेसारखी असेल तर पाण्याला जायला जागाच उरत नाही. माणूस फरशीवर नव्हे, पाण्यावर उभा असतो. त्यात साबण आला की विचारायलाच नको. आपल्याकडे अनेक ठिकाणी विहिरीचे व बोअरवेलचे पाणी जड असते. जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून पांढरट चिकट साका तयार करतो, तो फरशीवर बसतो आणि ओला झाला की बुळबुळीत होतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते.

आता आपले पाय पाहा. भातलावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात. असा माणूस पाय नीट टेकवत नाही, तिरका टाकतो. मधुमेहाच्या जुन्या रुग्णांच्या तळपायांची संवेदना कमी होते, त्यामुळे पाय सरकू लागल्याचे त्यांना उशिरा कळते. गरम पाण्याने स्नान करून एकदम उठल्यावर वृद्धांना घेरी येते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे विरळ होत जातात. तरुण माणसाला ज्या पडण्याने नुसता मुका मार लागेल, त्याच पडण्याने आजीबाईंचे खुब्याचे हाड मोडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी अंदाजे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे मरतात. त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि साठीच्या पुढच्या माणसांचे प्रमाण त्यांत सर्वाधिक असते.

जे मरत नाहीत त्यांचे काय होते, हे आपण आपापल्या वाड्यावर पाहतोच. काल शेतात भाजीचे वाफे करणारी बाई आज अंथरुणाला खिळते. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. रविवारच्या मिस्सेला स्वतःच्या पायांनी येणारे माणूस घरी कम्युनियनची वाट पाहू लागते. सून किंवा लेक मजुरी सोडून घरी बसते. शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण पडते. आणि हे सर्व एका गुळगुळीत फरशीपायी.

जुन्या करारात अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यासाठी एक नियम आहे. घराच्या धाब्याला कठडा बांधावा, नाहीतर वरून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. त्या काळी लोक धाब्यावर झोपत, धान्य वाळवत. पडण्याची जागा ती होती. आज आपल्या घरातली पडण्याची जागा न्हाणी आहे. घरात कोणी पडेल अशी जागा ठेवू नये, ही जबाबदारी बांधणाऱ्याची, असा त्या नियमाचा अर्थ मी घेतो. म्हणून न्हाणीची फरशी हा केवळ आवडीनिवडीचा विषय नसून धर्माचाही विषय आहे.

कोणती फरशी घ्यावी?

आपल्याकडे मिळणाऱ्या फरश्यांचे गुणदोष एकेक करून पाहू.

शहाबादी फरशी ही आपल्या ओळखीची. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून तिला हे नाव पडले. कडप्पा आंध्रातल्या कडप्याहून येतो, कोटा राजस्थानातल्या कोट्याहून. रंग वेगळे असले तरी हे तिन्ही दगड चुनखडीच्या जातीचे आहेत. न्हाणीसाठी शहाबादी किंवा कोटा घ्यायचा तर पॉलिश न केलेला, खरबरीत अंगाचाच घ्यावा. पॉलिश केलेला काळा कडप्पा स्वयंपाकघराच्या ओट्याला शोभतो, न्हाणीत पायाखाली तो नको. या दगडांचा मोठा गुण असा की ते वापरून गुळगुळीत झाले तर पाथरवटाकडून पुन्हा टाकी मारून घेता येतात. जात्याचे दात झिजले की आपण टाकी लावून घेतो, तसेच हे आहे. दोष असा की आम्ल त्यांना खाते. त्याबद्दल पुढे लिहितो.

सिमेंटचा कोबा हा गरिबाचा मार्ग समजला जातो, पण नीट केला तर तो कोणत्याही टाइलच्या तोडीचा आहे. मुरूम चांगला ठोकून, खाली दगडगोट्यांची भर घालून, वर १ भाग सिमेंट, २ भाग वाळू आणि ४ भाग बारीक खडी असा दोन इंच जाडीचा थर द्यावा. इथे एक चूक सर्रास होते. गवंडी कोऱ्या सिमेंटची पूड वर भुरभुरून लोखंडी थापीने ती घोटून घोटून आरसा करतो, आणि मालक खूश होतो. न्हाणीत असे घोटू देऊ नये. लाकडी थापीने अंग खरबरीत ठेवावे आणि कोबा ओला असतानाच सुतळी दाबून बोटभर अंतरावर रेघा पाडाव्यात. रेघा मोरीच्या दिशेने असाव्यात, म्हणजे त्यांत पाणी साचत नाही. त्यानंतर सात ते दहा दिवस कोब्यावर पाणी मारून तो ओला ठेवावा. घाई करून तिसऱ्या दिवशी वापर सुरू केला तर कोबा भुसभुशीत राहतो, त्याची माती सुटते आणि बारीक भेगांत पाणी मुरते.

मोझॅक टाइल पॉलिश केलेली असते. ओली झाली की ती घसरते. संगमरवर महाग आणि त्याहून घसरता. जांभा दगड भिंतीसाठी उत्तम, परंतु छिद्रांचा असल्याने तो पाणी पितो आणि त्यात घाण बसते. उघडा जांभा न्हाणीच्या जमिनीला वापरू नये.

राहता राहिल्या टाइल. यांत तीन जाती लक्षात ठेवाव्यात. भिंतीची टाइल वेगळी, जमिनीची सिरॅमिक टाइल वेगळी आणि व्हिट्रिफाइड टाइल वेगळी. भिंतीची टाइल पातळ, चकचकीत आणि कच्च्या अंगाची असते. ती आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही शोषत नाही. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. टाइल उलटी करून मागच्या बाजूला चार थेंब पाणी टाकावे. भिंतीची टाइल ते बघता बघता पिते, चांगल्या व्हिट्रिफाइडवर ते तसेच राहते. उरलेल्या भिंतीच्या टाइल जमिनीवर बसवून काम भागवू असे गवंड्याने म्हटले तर ठामपणे नकार द्यावा. ती टाइल घसरते, आणि बादलीच्या आदळण्याने तडकतेही.

जमिनीसाठी खरबरीत अंगाची, मॅट फिनिशची टाइल मागावी. टाइल किती धरते याचे जर्मन पद्धतीचे दर्जे काही कंपन्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात देतात. आर ९ ते आर १३ असे ते असतात. आकडा जितका मोठा, तितकी पकड अधिक. आर ९ हा सर्वांत खालचा दर्जा. घरच्या न्हाणीला आर ११ पुरेसा आहे. या दर्जाची चाचणी जोडे घालून होते. अनवाणी ओल्या पायांसाठी ए, बी, सी असे वेगळे दर्जे आहेत, त्यांत सी हा सर्वांत पकडीचा. हे काहीच लिहिलेले नसेल तर दुकानातच टाइल जमिनीवर ठेवावी, तिच्यावर पाणी आणि चिमूटभर साबण टाकावा आणि कोणाचा तरी हात धरून अनवाणी टाच फिरवून पाहावी. दुकानदार हसला तर हसू द्यावे. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो; मग ज्यावर आपली आई रोज उभी राहणार ती वस्तू नुसत्या चकाकीवर का घ्यावी?

टाइलचा आकारही महत्त्वाचा. न्हाणीला एक फूट बाय एक फूट किंवा त्याहून लहान टाइल बरी. लहान टाइलला सांधे अधिक येतात, सांध्यांत पायाला अडकाव मिळतो, आणि मोरीकडे उतार देणे सोपे जाते. दोन बाय दोनची मोठी टाइल चारी बाजूंनी मोरीकडे वाकत नाही. मग गवंडी उतारच कमी देतो आणि पाणी साचते.

उतार चुकला तर सगळे चुकले

उत्तम फरशी बसवूनही उतार चुकला तर ती निसरडी होणारच, कारण साचलेल्या पाण्याखाली साका आणि शेवाळ धरते. साधारण ५ फुटांना १ इंच उतार असावा. याहून फार कमी असेल तर पाणी थांबते, फार जास्त असेल तर म्हाताऱ्या माणसाला उभे राहणे अवघड जाते. न्हाणीची जमीन घराच्या जमिनीपेक्षा इंचभर खाली असावी, म्हणजे पाणी घरात येत नाही. पण त्यासाठी उंच उंबरा घालू नये. वृद्धांचा पाय त्यालाच अडखळतो.

मोरीच्या तोंडाशी पाणी धरून ठेवणारे भांडे बसवावे. नळकाम करणारे त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. त्या नावातही न्हाणीच आहे. त्यात सुमारे दोन इंच पाणी कायम उभे राहते आणि गटाराची दुर्गंधी व झुरळे वर येत नाहीत. सांडपाणी संडासाच्या टाकीत सोडू नये. साबणाच्या पाण्याने टाकी लवकर भरते आणि तिचे काम बिघडते. ते शोषखड्ड्यात किंवा केळी-अळूच्या वाफ्यात जिरवावे. उघड्यावर साचू दिले तर क्युलेक्स जातीचे डास होतात, आणि हत्तीरोग त्यांच्यामार्फतच पसरतो.

गवंड्याचे पैसे चुकते करण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. मोरीपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतावे आणि दहा मिनिटांनी जाऊन पाहावे. कुठेही डबके राहिले असेल तर ती फरशी उखडून पुन्हा बसवायला सांगावे. न्हाणी स्लॅबवर असेल तर मोरीचे तोंड बंद करून २४ तास पाणी भरून ठेवावे आणि खालून ओल येते का ते पाहावे. हे टाइल बसवण्याच्या आधीच करावे.

खर्चाचे आणि स्वच्छतेचे आक्षेप

खरबरीत फरशी महाग पडते, असे काहीजण म्हणतात. हिशेब करू. पाच फूट बाय सहा फुटांची न्हाणी म्हणजे ३० चौरस फूट. फुटी टाइल ३० लागतील, कापाकापीसाठी आणखी तीन. समजा चांगली टाइल फुटामागे ३० रुपयांनी महाग पडली, तर सगळा फरक हजार रुपयांच्या आत येतो. बाहेरच्या खोलीतल्या दोनशे-तीनशे फुटांवर आपण याच्या कितीतरी पट रक्कम नुसत्या चकाकीसाठी देतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. खरबरीत फरशीत मळ बसतो, ती घासावी लागते, आणि हे काम बहुधा बायकांच्या वाट्याला येते. हे मी नाकारत नाही. म्हणून फार खोल खाचांची फरशी घेऊ नये, आणि घासण्याचे काम घरातल्या धट्ट्याकट्ट्या पुरुषांनी व मुलांनी आठवड्यातून एकदा आपल्याकडे घ्यावे. काथ्याचा ब्रश आणि धुण्याचा सोडा एवढे पुरे. शेवाळ धरले असेल तर बादलीभर पाण्यात दोन मोठे चमचे ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी दहा मिनिटे फरशीवर राहू द्यावे आणि मग धुऊन टाकावे. अॅसिड वापरू नये. अॅसिड टाकल्यावर फेस येतो तो मळाचा नव्हे. शहाबादी, कोटा, संगमरवर आणि सिमेंटचे सांधे विरघळत असतात. आणि ब्लीचिंग पावडर व अॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, बंद न्हाणीत तो जीवघेणा ठरू शकतो.

मळ कमी करण्याचा शेतकऱ्याचा उपाय आणखी एक. शेतातून आल्यावर चिखलाचे पाय न्हाणीत धुऊ नयेत. बाहेर नळाखाली किंवा हौदापाशी पाय धुण्याचा दगड ठेवावा. फवारणीचे पंप व फवारणीचे कपडे तर न्हाणीत मुळीच आणू नयेत. ते औषध सांध्यांत बसते आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी लहान मूल उघड्या अंगाने बसते.

घर आधीच बांधून झाले असेल तर?

तरीही उपाय आहेत. दगड असेल तर टाकी मारून घ्या. घोटलेला कोबा असेल तर तो टाचून वर खरबरीत थर द्या. चकचकीत टाइल असेल तर तिला टाकी लावता येत नाही. तिथे खरबरीत चिकटपट्ट्या लावा किंवा छिद्रांची रबरी चटई घाला, मात्र चटई रोज उचलून उभी करून वाळवा, नाहीतर तिच्याखालीच शेवाळ होते. भिंतीत कमरेच्या उंचीवर पक्की लोखंडी दांडी बसवा. दांडी टॉवेलाची नको, माणसाचा भार पेलणारी हवी. बसून अंघोळ करायला रुंद पायांचे स्टूल ठेवा. रात्री दिवा असू द्या. आतून कडी लावण्याऐवजी बाहेरूनही उघडेल अशी सोय करा.

एवढे करूनही कोणी पडले, आणि उभे राहता येत नसेल, एक पाय आखूड झालेला व बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडले असे समजावे. तेल चोळू नये, ओढू नये, हाडवैद्याची वाट पाहू नये. फळीवर किंवा खाटेवर आडवे ठेवून लगेच इस्पितळात न्यावे. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत झालेली बरी.

शेवटी धर्मग्रामाच्या बांधवांना एक विनंती. दरवर्षी पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात आणि आपण ते भक्तिभावाने पाहतो. घरातल्या म्हाताऱ्या पायांची काळजी घेणे हाही त्याच सेवेचा भाग आहे. नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी फादरांना बोलावण्याच्या आधी आपल्या आजी-आजोबांना न्हाणीत नेऊन उभे करा आणि विचारा, पाय धरतो का? संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची न्हाणी एकदा पाहून यावी. दोन दिवसांच्या श्रमदानात आणि दोन पोती सिमेंटात खरबरीत कोबा आणि एक दांडी सहज होते. आणि चर्चच्या सभागृहाची व शाळेची न्हाणी-संडासही या नजरेने तपासावी, कारण सणाच्या दिवशी तिथेच सगळ्यांत अधिक ओले पाय पडतात.

बाहेरच्या खोलीची चकाकी पाहुणे पाहतील. न्हाणीची फरशी मात्र फक्त आपल्या माणसांसाठी असते.